टायरातला काटा

इम्तियाजनं माझ्या सायकलचं मागचं चाक फिरवलं आणि ब्रेक जिथं घासतो तिथं नख टेकवून थांबवलं.

"बोट लावा इथं," तो म्हणाला. "खोलगट लागतंय का?"

मी बोट लावलं. मला काही लागलं नाही. तरी हो म्हणालो.

"हे रिम संपलंय, अण्णा. ब्रेक लागून लागून पातळ झालंय. कधीतरी उतारावर फुटायचं. पुढचंबी तसंच हाय. दोन्ही चाकं बदलायची."

"बदल."

"आणि ह्या वेळी ट्यूबलेस घालायची."

"नको. ट्यूबचीच दे."

इम्तियाज शिकलगारचं दुकान इचलकरंजीत मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं. रेसच्या सायकली गावात त्याच्याकडेच मिळायच्या. आमच्या दोन्ही सायकली त्याच्याकडच्या. माझी आणि माझ्या बायकोची, त्रिशलाची. त्रिशला दिवाळीच्या आधी गेली होती. मी सांगतोय ते त्यानंतरच्या फेब्रुवारीतलं.

इम्तियाजनं हातातला पाना खाली ठेवला.

"पद्मजाचा फोन आला होता मला. पप्पांना ट्यूबलेसच द्या म्हणाली. मी हो म्हणून बसलोय."

"चाकं तिच्या सायकलीला घालायची हायत का माझ्या?"

"तुमच्याच. पण पंक्चर कोण काढणार? त्या दिवशी बाहुबलीच्या रस्त्याला काय झालं, मला कळलंय."

गावात सगळ्यांना कळलं होतं. मी एकटाच बाहुबलीच्या डोंगराला गेलो होतो. येताना मागचं चाक बसलं. मी चाक काढलं, जुनी ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली. एक-दोन किलोमीटर गेलो आणि परत बसलं. दुसरी ट्यूब घातली. तीही गेली. मग कळलं की काटा टायरातच राहिलाय. तो शोधायला टायरात बोटं फिरवली, पण सापडला नाही. मी सायकल हातात धरून चालत होतो. उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर आला. त्यानं मला आणि सायकलीला ट्रॉलीत घातलं. टायर उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तिथंच रस्त्याच्या कडेला राहिल्या.

पद्मजा आमची मुलगी. पुण्याला असते. तिला कुणीतरी फोन करून हे सांगितलं. तिनं मला सरळ सांगितलं, ट्यूबलेस बसवली तर सायकल चालवा, नाहीतर दोन्ही सायकली विकून टाकायच्या आणि पुण्याला यायचं. रविवारी ती येणार होती.

मला पुण्याला जायचं नव्हतं. इथंही मला काही हवं होतं असं नाही. पण पहाटे उठून सायकलवर बसलं की दोन-तीन तास जायचे. तेवढेच तास जायचे. बाकीचा दिवस जात नव्हता.

"ट्यूबलेसला वाईट काय हाय?" इम्तियाज म्हणाला. "आत दुधासारखं औषध घालतो. बारका काटा गेला तर आपोआप भोक बुजतंय. तुम्हाला कळणारबी न्हाई. हवा कमी ठेवली तरी चालते, म्हणजे खड्डा कमी लागतोय."

"आणि मोठी चीर पडली तर?"

"तर मग आत ट्यूबच घालावी लागते. खोटं कशाला बोलू. आणि उन्हाळ्यात औषध वाळतंय, परत घालावं लागतंय. पण तुमच्यासारख्या एकट्या माणसाला तेच बरं."

घरी खिळ्यावर त्रिशलानं पंक्चर काढलेल्या ट्यूब होत्या. सात-आठ असतील. प्रत्येकीला तिनं पॅच लावून, रात्रभर हवा भरून, उतरत नाही ना बघून, मग गुंडाळून रबर लावलेलं होतं. ट्यूबलेस घेतली की त्या खिळ्यावरच राहणार होत्या. एवढंच कारण होतं. पण ते इम्तियाजला सांगायला जमलं नाही.

"ट्यूबचीच दे," मी म्हणालो.

तो आत जाऊन काळी चाकं घेऊन आला. रिम चांगली चार बोटं उंच.

"मग ही बघा. ट्यूबचीच हायत. पोरं ह्याच्यावर मरत्यात. वारा कापतंय."

"ह्याला आखूड व्हॉल्व्हची ट्यूब चालेल?"

"न्हाई. व्हॉल्व्ह रिमच्या आतच बुडणार. पंप कुठं लावणार? लांब व्हॉल्व्हची घ्यावी लागती."

"मग नको. साधी दे. बत्तीस स्पोकची, बुटक्या रिमची. आधी होती तशी."

"टायर तरी जरा रुंद घ्या, अठ्ठावीस मिलिमीटरचं. आपल्या रस्त्याला पंचवीस बारीक पडतंय."

"जुन्या ट्यूब अठ्ठावीसला चालतील?"

"बसतील ताणून. पण ट्यूबला पॅच असला तर ताण नको पडायला. त्याला..."

तो मधेच थांबला. माझ्याकडं बघितलं. मग चाकं घेऊन आत गेला आणि तशीच ठेवून रिकाम्या हातानं बाहेर आला. जुन्या ट्यूब कुणाच्या, ते त्याच्या ध्यानात आलं होतं.

"अण्णा, बसा इथं," तो म्हणाला. त्यानं माझं मागचं टायर सोडवून माझ्या मांडीवर ठेवलं. "काटा अजून ह्यातच हाय. तुम्ही शोधायचा. शोधलात तर मी पद्मजाला सांगतो, पप्पा पंक्चर काढत्यात, काळजी करू नको. मग तुम्ही म्हणाल ती चाकं. न्हाई सापडला तर ट्यूबलेस. कबूल?"

"कबूल."

मी टायर उलटं करून आतून बोटं फिरवली. एक फेरी. मग उलट्या बाजूनं दुसरी. उजेडात धरून बघितलं. बाभळीचा काटा मोडून आत राहिला की त्याचं टोक तेवढंच वर येतं, दिसत नाही. बोटालाच कळायला पाहिजे. माझी बोटं कामाची नव्हती. मी जन्मभर यंत्रमागावर जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचा. लोखंड, ग्रीस, गरम बेअरिंग. बोटांची टोकं म्हशीच्या खुरासारखी झालेली. चहाचा पेला गरम आहे की गार, मला ओठाला लावल्यावर कळतं.

म्हणून पंक्चर त्रिशलाच काढायची. आमची तशी वाटणीच झाली होती. तिची शुगर वाढली तेव्हा डॉक्टरनी व्यायाम सांगितला, त्यातून ती सायकल शिकली, पन्नाशीत. तिच्यामुळं मी. एकसारख्या सायकली घेतल्या, म्हणजे एकाची ट्यूब दुसऱ्याला चालावी. पंक्चर झालं की मी चाक काढायचो आणि परत बसवायचो. मधलं काम तिचं. एक बोट टायरातून फिरवायची आणि म्हणायची, "हा बगा, सापडला तुमचा पाहुणा." पुढं पुढं मला जवळ उभं राहू द्यायची नाही. "अवो, तुम्ही रस्त्याकडं बगा. मागनं ट्रक येतोय का बगा." मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचो.

"सापडला?" इम्तियाजनं विचारलं.

"नाही."

त्यानं टायर घेतलं, बोट फिरवलं, अर्ध्यात थांबला. "हितं हाय." पण काढला नाही. टायर गोल फिरवून परत माझ्या हातात दिलं. "तसाच ठेवलाय. घरी घेऊन जा. उद्या सकाळपर्यंत बघा. सापडला न्हाई तर ट्यूबलेस लावून ठेवतो. सायकल इथंच राहू दे."

"उघडायच्या पट्ट्या पाहिजेत. माझ्या गेल्या."

"वैनींच्या पिशवीत असतील की. त्या आणा उद्या."

मी टायर खांद्यात अडकवून घरी चालत आलो. वाटेत मगदुमांच्या गल्लीतले दोघे-तिघे बाकावर बसले होते. एकजण म्हणाला, "भूपालअण्णा, सायकल कुठं ठेवली? नुसतंच टायर घेऊन फिरायलाय?" मी म्हणालो, "व्हय." दुसरा त्याला हळू काहीतरी म्हणाला.

घरी येऊन मी दिवा लावला. पद्मजाचा फोन आला.

"चाकं झाली का, पप्पा?"

"उद्या."

"ट्यूबलेसच ना?"

"बघू."

"बघू काय, पप्पा? असं ट्रॅक्टरमधून यायचं वय आहे का तुमचं? मी तिकडं ऑफिसात बसलीय आणि लोक मला सांगतात, तुझे वडील उसाच्या ट्रॉलीत दिसले."

"ट्रॉली रिकामी होती."

मग म्हणाली, "जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

मला आठवलं नाही. "भात," मी म्हणालो.

फोन ठेवून मी परत टायर घेऊन बसलो. दिव्यापाशी धरून बघितलं. गालाला लावून बघितलं. गालावर दाढी वाढलेली, तिथंही काही कळेना. मग टायर खाली ठेवलं आणि उद्याच्या पट्ट्या काढून ठेवू म्हणून उठलो.

त्रिशलाची सायकल पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेली होती. ती गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. दोन्ही चाकांतली हवा गेलेली होती. सीटखालच्या पिशवीची चेन ओढली. आत पट्ट्या होत्या. एक ट्यूब, जुन्या पायमोज्यात घातलेली. पॅच, सोल्युशन, पॉलिशपेपरचा तुकडा. आल्याच्या दोन गोळ्या, कागदाला चिकटलेल्या. आणि फोटोच्या रिळाची एक डबी, पूर्वी मिळायची तसली.

डबी उघडली. आत सुताचा बोळा होता. मागावरचं वेस्ट, वाया गेलेलं सूत.

ते मीच आणून दिलेलं होतं. तिचं आजारपण झाल्यावर, ती परत सायकल चालवायला लागली तेव्हा, एक दिवस म्हणाली, "कामावरनं थोडं वेस्ट आणा की. साखळी पुसायला." त्यानंतर अधूनमधून मागायची. मी डब्याच्या पिशवीतून आणायचो.

साखळी पुसलेलं वेस्ट काळं होतं. एकदा पुसलं तरी काळं होतं. मी जन्मभर वेस्ट बघितलंय. हा बोळा पांढरा होता. मी तो दिव्याखाली धरून मोकळा केला. आत काट्यांची दोन टोकं अडकलेली होती, आणि तारेचा एक बारीक तुकडा, ट्रकचं टायर फुटलं की रस्त्यावर पडते तसली तार.

ह्यानं साखळी कधी पुसलेलीच नव्हती.

मागावर धोटा असतो. तो ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडं पळतो. धोट्याच्या लाकडाला कुठं बारीक फास, कुसळासारखी, उठली की धागे तुटायला लागतात. फास डोळ्याला दिसत नाही. जॉबर त्यावरून सुताचा बोळा फिरवतो. जिथं बोळा अडकेल तिथं फास असते. हे मी हजारदा केलंय. त्रिशला पूर्वी डबा घेऊन कारखान्यात यायची, तेव्हा तिनं बघितलेलं असणार. एकदा विचारलंही होतं, हे काय करायलाय म्हणून. मी सांगितलं असेल. आठवत नाही.

मी खाली बसलो. टायर मांडीवर घेतलं आणि तिचा बोळा आतून फिरवला. हळू, हलक्या हातानं, धोट्यावरून फिरवतो तसा. पाऊण फेरी झाली आणि बोळा अडकला. ओढला तर एक धागा मागं राहिला, उभा. त्या धाग्याच्या बुडाशी काटा होता. चिमट्यानं काढला. बाभळीचा, तांदळाच्या कणीएवढा.

काटा डबीत टाकला. बोळाही ठेवला. झाकण लावलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. इम्तियाज आला, शटर वर केलं, माझ्याकडं बघितलं. मी टायर त्याच्या हातात दिलं. त्यानं बोट फिरवलं. पूर्ण एक फेरी फिरवलं.

"काढलात की." तो हसला. "कुणाकडनं काढून घेतला न्हाई न्हवं?"

मी डबी उघडून त्याच्यापुढं धरली.

तो हसायचा थांबला. बोळ्याला त्यानं हात लावला नाही. खुर्ची ओढून बसला.

"हे वैनींचं हाय," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"बोळ्याचं न्हवतं माहीत. दुसरं माहीत होतं. त्यांच्या त्या केमोच्या सुया झाल्या न्हवं का, मिरजेला. त्यानंतर एकदा आल्या होत्या. एकट्याच. म्हणाल्या, इम्तियाज, माझी बोटं गेली. टोकाला काहीच कळत न्हाई. डॉक्टर म्हणत्यात औषधानं होतंय असं, येईल परत हळूहळू. तोपर्यंत टायरातला काटा कसा शोधायचा सांग. मी म्हटलं, वैनी, बोटाशिवाय न्हाई जमत ते. ट्यूबलेस घ्या. तर म्हणाल्या, ट्यूबलेस घेतली की ह्यांना कळेल. कशाला बदलली म्हणून विचारतील."

"मग?"

"मग गेल्या. पुढं महिन्याभरानं आल्या, म्हणाल्या, झालं माझं काम. कसं ते सांगितलं न्हाई. मला वाटलं, बोटं बरी झाली."

"मला का नाही सांगितलं?"

"मीबी तेच विचारलं. म्हणाल्या, सांगितलं तर ते सायकल बंद करतील."

"केली असती," मी म्हणालो.

"तेच."

शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं. लांब कुठंतरी माग सुरू झाले. इम्तियाज उठून चहा सांगून आला.

मला हेल्मेट आठवलं. ती आजारातून उठल्यावर वर्षभर आम्ही सायकल चालवली. मग दुखणं परत उलटलं, आणि त्या वेळी फार दिवस लागले नाहीत. त्या वर्षात रोज पहाटे निघताना ती दारात माझ्यासमोर उभी राहायची, हनुवटी वर करून. "बकल लावा की." हेल्मेटचा पट्टा मी लावायचो. पूर्वी तिचा तीच लावायची. मला वाटायचं, आजारपणानंतर जरा लाड करून घेतीय. मला ते आवडायचं. मी मुद्दाम सावकाश लावायचो.

आणि रस्त्याकडं तोंड करून मी उभा असायचो तेव्हा पाठीमागं ती हा बोळा फिरवत असायची. पाठीमागून आवाज यायचा, "हा बगा, सापडला तुमचा पाहुणा." मी वळायचो तर तिच्या चिमटीत काटा आणि दुसरी मूठ बंद.

चहा आला. मी पेला उचलला. ओठाला लावल्यावर कळलं, गरम आहे.

"अण्णा," इम्तियाज म्हणाला, "चाकं?"

"बुटक्या रिमची. बत्तीस स्पोकची. टायर पंचवीस. मागच्या चाकाला ट्यूब मी आणलीय."

खिशातून खिळ्यावरची एक ट्यूब काढून मी टेबलावर ठेवली. तिच्यावर दोन पॅच होते, जवळजवळ. इम्तियाजनं ती उलगडून बघितली. त्याच्या दुकानात नव्या ट्यूबची खोकी रचलेली होती. त्यानं एकही काढलं नाही. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवली, सगळीकडनं दाबून बघितली.

"बुडबुडा न्हाई," तो म्हणाला. "पक्कं काम हाय."

मग त्यानं नवी चाकं काढली. मागच्या चाकावर दातेरी चक्रांचा सेट चढवला, रिमवर पट्टी बसवली. नवं टायर खोक्यातून काढलं. त्याला अजून दुकानाचा वास होता. तो टायर चढवायला लागला तेव्हा मी हात पुढं केला.

"दे इकडं."

त्यानं दिलं. मी डबीतून बोळा काढला आणि टायर मांडीवर घेतलं.

"नवं हाय ते, अण्णा," तो म्हणाला. "आत्ता खोक्यातनं काढलंय. काटा कुठला त्यात?"

"असू दे."

त्यानं पाना खाली ठेवला. बाहेर जाऊन पद्मजाला फोन लावला. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. "व्हय, ट्यूबचीच. न्हाई, न्हाई, त्यांना येतंय. मी सोता बघितलंय. तुझ्या आईसारखंच काढत्यात."

मी बोळा टायरातून फिरवला. सावकाश, एका जागेपासून परत त्या जागेपर्यंत.

कुठंच अडकला नाही.